पिशवी काढली, तरी दुखणे का राहते?



रायपुरात स्त्रियांच्या ओटीपोटातील दुखण्याविषयी बोलताना 2012 साल विसरता येत नाही. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेखाली छत्तीसगढमध्ये अनेक गरीब स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याचे त्या वर्षी उजेडात आले. बिहार व राजस्थानातीलही अशाच तक्रारी ऐकून सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये यासंबंधी आदेश दिले. दुखते ना, मग पिशवी काढून टाका, हा सल्ला आपल्या घरांतूनही सहज दिला जातो. एका आजारात तो किती अपुरा ठरतो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

त्या आजाराचे नाव एंडोमेट्रिऑसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते. उदरपोकळीच्या पातळ आवरणाखाली ती पाच मिलिमीटरहून अधिक खोल गेली, म्हणजे त्यास खोल प्रकार म्हणतात. गर्भाशयामागील बंध आणि योनी व गुदाशय यांमधील जागा ही तिची नेहमीची ठिकाणे होत.

अशा गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता ग्रंथी थोड्याच दिसतात. त्यांच्याभोवती तंतूंचा व स्नायूंचा जाड वेढा असतो. ग्रंथींच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही असतात. संप्रेरक ही किल्ली मानली, तर ग्राही हे तिचे कुलूप. प्रोजेस्टेरॉनने वाढीस आवर घालावयाचा. परंतु येथे त्याचे ग्राही पुष्कळदा उणे असतात आणि किल्ली असूनही काम होत नाही. इस्ट्रोजेनची गोष्ट उलट आहे. अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकराच्या साहाय्याने ही ऊती ते स्वतःच तयार करू शकते! नव्या रक्तवाहिन्या तिला पोसतात. शिवाय चेतातंतूंची वाढ घडविणारी द्रव्ये तेथे स्रवतात, आणि वेदना वाहून नेणारे बारीक तंतू गाठीत व तिच्या आसपास दाटतात. म्हणूनच गाठीच्या आकारावरून वेदनेचे माप काढता येत नाही. लहानशा गाठीने अंथरूण धरलेली स्त्री ढोंग करीत नसते.

आता गर्भाशय काढले आणि ही गाठ मागे राहिली, तर तिचे ग्राही, तिच्या रक्तवाहिन्या, तिचे चेतातंतू सारे जागच्या जागी असतात. दुखणेही राहू शकते. संप्रेरकांची औषधे पुष्कळींना आराम देतात, पण गाठ समूळ नाहीशी करीत नाहीत. शस्त्रक्रिया करावयाचीच, तर ती गाठीची हवी. आतड्यात शिरलेली असल्यास आतड्याचा शल्यवैद्यही सोबत हवा. काही आजारांत गर्भाशय काढणे योग्यच असते, हे मी नाकारीत नाही. मात्र कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्या बाईला एवढे विचारता आले पाहिजे: डॉक्टरसाहेब, दुखणे पिशवीत आहे की पिशवीच्या मागे?