क्वीन्सब्रिजचा नाझ आणि 'इलमॅटिक'



न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, ईस्ट नदीवरच्या क्वीन्सबरो पुलाच्या पायथ्याशी क्वीन्सब्रिज नावाची सरकारी घरांची वसाहत आहे. 1939 साली ती राहायला खुली झाली. विटांच्या सहा मजली इमारती आणि तीन हजारांहून अधिक घरं. बांधताना पैसे वाचावेत म्हणून लिफ्ट एक मजला सोडून पुढच्या मजल्यावर थांबायची. अमेरिकेत सरकारी घरांची याहून मोठी वसाहत नाही. इथं वाढलेल्या नासिर जोन्स या मुलाचा पहिला अल्बम 19 एप्रिल 1994 रोजी बाजारात आला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. अल्बमचं नाव 'इलमॅटिक' आणि जगाला माहीत झालेलं त्याचं नाव नाझ.

नासिरचे वडील ओलू दारा हे मूळचे मिसिसिपीचे, जॅझमध्ये कॉर्नेट वाजवणारे. आई टपाल खात्यात नोकरीला. घरात संगीत होतं, पुस्तकं होती, पण मुलानं आठवीतच शाळा सोडली. बाहेर 'क्रॅक' या कोकेनच्या स्वस्त अवताराचा धंदा सगळ्या वस्तीत पसरला होता. मे 1992 मध्ये त्याचा जिवलग मित्र विली ग्रॅहम, ज्याला सगळे 'इल विल' म्हणत, गोळी लागून मारला गेला. त्याच रात्री नाझच्या धाकट्या भावालाही गोळी लागली, तो बचावला. दोघा मित्रांनी गाण्याची स्वप्नं एकत्र पाहिली होती. अल्बममध्ये गेलेल्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यामागे हे दुःख आहे.

या वस्तीला हिप हॉपचा वारसा मात्र आधीपासूनच होता. मार्ली मार्ल हा नामांकित निर्माता इथलाच, एमसी शॅन आणि रोक्सॅन शांते हे रॅपरही इथलेच. 1986 साली शॅननं क्वीन्सब्रिजचा अभिमान मिरवणारं एक गाणं काढलं, त्यावरून ब्रॉन्क्सच्या केआरएस-वन या रॅपरशी जुंपली आणि ते भांडण रेकॉर्डवर रेकॉर्ड काढून लढलं गेलं. नाझ तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. पुढं 1991 मध्ये 'मेन सोर्स' या गटाच्या एका गाण्यात त्याला एक कडवं मिळालं आणि शहरभर विचारणा सुरू झाली, हा पोरगा कोण? एमसी सर्च या रॅपरनं त्याला धरलं आणि कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये फेथ न्यूमन या अधिकारी बाईंकडे नेलं. करार झाला. 1993 मध्ये तो कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर, स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बोबिटो यांच्या कार्यक्रमातही रॅप करून गेला. रात्री उशिरा लागणारा हा कार्यक्रम न्यूयॉर्कचे हिप हॉपवेडे टेप लावून ठेवून ऐकत.

आता खुद्द अल्बम. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटं. पहिला ट्रॅक तर नुसतं प्रास्ताविक: भुयारी रेल्वेचा खडखडाट आणि 1983 च्या 'वाइल्ड स्टाइल' या चित्रपटातला तुकडा. त्या काळी रॅपचा अल्बम म्हणजे बहुधा एकाच निर्मात्याचं किंवा एकाच चमूचं काम असे. इथं लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि वस्तीतलाच एलईएस असे पाच जण आले. सगळे न्यूयॉर्कच्या हिप हॉपमधले जाणते कान. पीट रॉकनं अहमद जमालच्या पियानोचे सूर घेतले, लार्ज प्रोफेसरनं मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' घेतलं, क्यू-टिपनं हीथ बंधूंच्या जॅझमधून बीट बांधला. एवढे हात लागूनही अल्बम विस्कटत नाही, कारण बोलणारा मुख्यतः एकच आहे आणि तो आपल्या गल्लीबाहेर पाऊल टाकत नाही.

'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'चं पहिलं कडवं नाझनं एका दमात, पहिल्याच टेकमध्ये रेकॉर्ड केलं, असं डीजे प्रीमियरनं सांगितलं आहे. ऐकताना ते पटतं. यमकं ओळीच्या शेवटी येऊन थांबत नाहीत. ओळीच्या पोटात एकमेकांना धडकत जातात, आणि श्वास कुठं घेतला ते कळतही नाही. 'वन लव्ह' हे गाणं तर बरंचसं पत्रांच्या रूपात आहे. तुरुंगात असलेल्या मित्रांना बाहेरची खबर कळवणारी पत्रं: कोणाला मूल झालं, कोण फिरला, वस्तीत काय चाललंय. बढाई नाही. रॅपमध्ये इतकं शांत, इतकं जवळचं बोलणं तेव्हा दुर्मीळ होतं. आणि तिसऱ्या ट्रॅकमध्ये, जिथं तरुण पोरं मरण गृहीत धरून बोलतात, तिथं शेवटाला वडिलांचा कॉर्नेट वाजतो. मुखपृष्ठावरही वडिलांनी काढलेला सात वर्षांच्या नासिरचा फोटो आहे, आणि त्याच्या चेहऱ्यातून वस्तीचा रस्ता दिसतो.

एक उणीव मात्र बोलून दाखवायला हवी. या वस्तीत बायका राहत होत्या, मुलांना वाढवत होत्या, नोकऱ्या करत होत्या. अल्बममध्ये त्यांना जवळजवळ आवाजच नाही. इतक्या बारीक नजरेच्या माणसाकडून ही अपेक्षा अधिक असते.

स्वागताची कहाणी दोन तोंडांची आहे. 'द सोर्स' हे तेव्हाचं हिप हॉपचं सर्वांत वजनदार मासिक. अल्बमला गुण म्हणून ते माइक देत, आणि पाचपैकी पाच फार क्वचित. मिन्या ओ या तरुण समीक्षिकेनं 'इलमॅटिक'ला पाच माइक दिले. पदार्पणाच्या अल्बमला असा मान मिळाल्यानं मोठी चर्चा झाली. पुढं 'मिस इन्फो' या नावानं ही समीक्षिका न्यूयॉर्कच्या रेडिओवर गाजली.

दुकानांत मात्र चित्र वेगळं होतं. बिलबोर्डच्या यादीत अल्बम बाराव्या क्रमांकावर आला आणि पहिल्या आठवड्यात साधारण साठ हजार प्रती खपल्या. काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1993 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या स्नूप डॉगचा पहिला अल्बम पहिल्या आठवड्यात आठ लाखांच्या घरात विकला गेला होता. बाजार पश्चिम किनाऱ्याच्या हातात होता. त्यात 'इलमॅटिक'च्या चोरट्या कॅसेट प्रकाशनाआधीच फिरू लागल्या होत्या. ज्यांनी तो सर्वांत आधी, सर्वांत प्रेमानं ऐकला, त्यांतल्या कित्येकांचा पैसा कंपनीपर्यंत पोचलाच नाही. पाच लाख प्रतींचा टप्पा 1996 मध्ये आणि दहा लाखांचा 2001 मध्ये गाठला गेला.

या कमी खपाचा दाब नाझवर आला. 1996 चा दुसरा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला, तर टीकाकार म्हणाले, हा बाजाराला विकला गेला. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नव्या अल्बमला पहिल्याचीच फूटपट्टी लागली. हे फार अन्यायाचं होतं. वीस वर्षांच्या पोरासारखं तिशीतल्या माणसानं का लिहावं? दरम्यान विद्यापीठांनी अल्बम अभ्यासाला घेतला. 2009 मध्ये त्यावर लेखांचं एक आख्खं पुस्तक निघालं, आणि 2013 मध्ये हार्वर्डमध्ये नासिर जोन्सच्या नावानं हिप हॉपची अभ्यासवृत्ती सुरू झाली. 2021 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 'इलमॅटिक' राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला. नाझला पहिलं ग्रॅमी मिळालं तेही त्याच वर्षी, पण वेगळ्या अल्बमसाठी.

आपल्याकडेही नाझ पोचला आहे. 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटाला कार्यकारी निर्माता म्हणून नाझचं नाव आहे, आणि डिव्हाइन व नेझी हे रॅपर आणि अभिनेता रणवीर सिंग यांच्याबरोबर एका गाण्यात त्याचा आवाजही. त्याच वर्षी त्याच्या 'मास अपील' कंपनीची भारतीय शाखा निघाली. तिचा पहिला कलाकार अंधेरीचा डिव्हाइन, आणि त्याचा पहिला अल्बम 'कोहिनूर' तिथूनच आला. ज्या श्रोत्यांनी 'इलमॅटिक' अजून ऐकला नसेल, त्यांनी 'वन लव्ह'पासून सुरुवात करावी. त्यातलं इंग्रजी पहिल्यांदा अवघड जाईल, शब्द समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐकावं.