सात-बाऱ्यात न सापडलेली आत्याआजी

हेडफोन लावलेत ना? आज जरा घरातली गोष्ट सांगतो.

अमेरिकेत 1862 साली होमस्टेड कायदा आला. 160 एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहून कसा, मग ती तुमची. त्या कुटुंबांचे नातू-पणतू आज जुने कागद शोधत बसतात. त्यावरचा एक व्हिडिओ बघताना वाटलं, अरे, आपलं पण असंच काहीतरी आहे की!

आमचं गाव कोपरगाव तालुक्यात. पण घरात अजूनही म्हणतात, "आपण मूळचे सासवडचे." सासवडची माळी मंडळी ऊस लावण्यात पटाईत. आधी ती नीरा कालव्यावर गेली. मग गोदावरीचे कालवे निघाले, दारणा धरण झालं, तशी ती इकडे आली. 1926 मध्ये भंडारदरा पूर्ण झालं आणि प्रवरेच्या पाटावरही ऊस वाढला.

फरक एवढाच, की इथे जमीन फुकट नव्हती. इथल्या शेतकऱ्यांकडून ती खंडाने घ्यायची, ऊस लावायचा, गुऱ्हाळ चालवायचं आणि गुळाच्या पैशातून खंड फेडायचा. गुळाचा भाव पडला की कर्ज डोक्यावर. अमेरिकेत ती जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती. आमच्याकडेही बांधापलीकडे जमिनीचा जुना मालक राहायचा, हे आपण गोष्ट सांगताना विसरतो.

आमच्या घरात गोष्ट एकच: पणजोबा बैलगाडीतून आले, खंडाने शेती केली, मग बारा एकर विकत घेतली. संपलं. बायका कुठेच नाहीत.

यंदा त्यातली दोन एकर विकायचं घरात चाललंय. कागद जमवायचं काम माझ्याकडे, कारण "तू कॉम्प्युटरवाला." सात-बारा ऑनलाइन मिळाला. जुन्या फेरफारांच्या नकला तहसीलमधून काढल्या. पणजोबा 1968 ला वारले. वारस नोंदीत तीन मुलगे आणि एक मुलगी. पुढच्याच फेरफारात मुलीचं हक्कसोड. खाली अंगठा.

ती मुलगी म्हणजे माझी आत्याआजी. आज चौऱ्याऐंशी वर्षांची. रविवारी तिच्याकडे गेलो, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हणाली, "विहीर खणली तेव्हा मुरूम आम्ही पोरींनी वाहिला. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडं मीच टाकायचे. हात बघ." मनगटावर भाजल्याचा डाग आहे अजून.

अंगठ्याचं विचारलं. "भाऊ म्हणाला, माहेर तुटायला नको. दिला." मग म्हणाली, "पण सही येत होती मला. चौथी झालेय मी. कुणी विचारलंच नाही."

1956 च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क होता. तो तिने सोडला, म्हणून कागद आज पक्का आहे. कायद्याने आम्ही तिचं काही लागत नाही.

रात्री जेवताना बाबांना म्हटलं, विक्रीच्या पैशात आत्याआजीचा वाटा धरू. आई थांबली. बाबा म्हणाले, "बघू. काकांशी बोलावं लागेल." येत्या रविवारी बैठक आहे. ते रेकॉर्डिंग मी तिथे सगळ्यांना ऐकवणार आहे.

तुमच्या घरातला जुना फेरफार काढा. कोणाचा अंगठा आहे ते बघा. ती माणसं अजून असतील, तर फोन घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा. भेटू पुढच्या भागात.