दान घ्या, पण दाम सोडू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



अलीकडे गावात फाउंडेशनची गाडी येते. उतरतात ती पंचविशी-तिशीतली, मोठ्या घरची पोरे. वाडवडिलांचा पैसा समाजाच्या कामी लावायचा म्हणतात. त्यांच्या मनात खोट आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की आपण त्यांच्यापुढे हात पसरायचा की हिशेब मांडायचा?

हिशेब वर्ध्यापासून मांडू. जमनालाल बजाज हे मूळचे राजस्थानातल्या साध्या घरातले. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. सतरा वर्षांचे असताना आजोबांशी खटका उडाला, तेव्हा तुमच्या धनावर माझा हक्क नाही, असे या पोराने लिहून दिले. आजोबांनी समजूत घातली. १९०७ साली ते वारले आणि सगळी इस्टेट जमनालालजींच्याच हाती आली. पुढे १९२१ साली त्यांनी रायबहादुरकी सोडली. १९२८ साली सनातन्यांचा विरोध पत्करून घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले, ती जमीनही त्यांचीच. देणगी देणारे शेठ पुष्कळ झाले. यांनी वारशाने आलेला मान आणि अधिकारही सोडला. म्हणून त्यांचे नाव आम्ही आदराने घेतो.

आता हिशेबाची दुसरी बाजू. जमनालालजींचा मोठा व्यापार कापसाचा. १९४५ साली या घराण्याने बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली, तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. आकुर्डीला कारखाना आला, मग चाकणला. १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, तेच हे चाकण. आज त्या पट्ट्यात विदर्भ-मराठवाड्यातली आपली पोरे कंत्राटी कामासाठी फाटकाफाटकावर उभी असतात.

आणि वर्धा? २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत वर्धाही होता. सेवाग्राम तिथे, विनोबांचे पवनार तिथे, एवढा थोर दाता तिथला. तरी कोरडवाहू कापसाचे गणित सुटले नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो. शेततळे असले तर बोंडे भरताना एखादे पाणी देता येते, उत्पादन वाढते, हे खरे. पण क्विंटलमागे तोटाच असेल तर जास्त पिकवून जास्त तोटा. ज्वारीचेही तेच. दान भावाच्या जागी बसत नाही.

मग या पोरांना परत पाठवायचे का? नाही. ऑस्ट्रियात मार्लेने एंगेलहॉर्न नावाच्या तिशीतल्या बाई आहेत. आजीकडून आलेल्या संपत्तीतले अडीच कोटी युरो त्यांनी २०२४ साली वाटायला काढले. कुणाला द्यायचे ते मात्र स्वतः ठरवले नाही. पन्नास सामान्य नागरिकांची सभा बसवली, तिने ७७ संस्था निवडल्या. शिवाय आमच्यासारख्या वारसांवर कर लावा, अशी मागणी या बाई सरकारकडे करतात. आपल्याकडचा वारसा कर १९८५ सालीच उठला. देण्याची ही तऱ्हा वेगळी आहे. इथे पैशाबरोबर निर्णयाचा अधिकारही हातचा सोडला आहे.

म्हणून बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, काम कोणते करायचे ते ग्रामसभा ठरवेल आणि त्या सभेत शेतमजूर व बाया असतील. दुसरी, पैशापैशाचा हिशेब चावडीवर लागेल. तिसरी, येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे: २०१२ सारखी कापसाची निर्यातबंदी पुन्हा आली, तर तुम्ही आमच्या बाजूने बोलाल का? गिरणीवाले तुमच्याच सोयरिकीतले असले तरी बोलाल का?

हो म्हणाले तर सतरंजीवर आपल्या शेजारी बसवा. नाही म्हणाले तरी चहा पाजा. पण भीक नको, हवे घामाचे दाम, एवढे त्यांना ऐकवल्याशिवाय गाडीत बसू देऊ नका.