यादीतली बाई कुठे राहते?

(फैजपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'कॉम्प्युटरवर पत्त्यांची यादी आणि मेल मर्ज'. सकाळच्या कायद्याच्या सत्राला सगळ्या पुढे सरकून बसला होतात. आता जेवण झालंय, आणि 'हे तर कारकुनी काम' असं म्हणत काही जणी भिंतीला टेकल्या आहेत. खुशाल टेका. पण आधी एक हकिगत ऐका, आणि मग हे काम कारकुनी आहे का ते ठरवा.

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं मेळाव्याची पत्रं पहिल्यांदाच मेल मर्जनं काढली. पूर्वी चार जणी दोन दिवस बसून पाकिटं लिहायच्या. त्या दिवशी एका दुपारीत चारशेवर पत्रं छापून झाली आणि आम्ही फार खूश झालो. त्यातलं एक पत्र यावल तालुक्यातल्या एका गावी, एका बाईच्या सासरी गेलं. ती बाई तिथून निघून दीड वर्ष झालं होतं. ती माहेरी राहत होती, पोटगीचा दावा चालू होता. तिचा नवा पत्ता आमच्याकडे होता, पण केसच्या फाइलमध्ये. यादीत जुनाच राहिला होता. पत्राची सुरुवात होती, 'आपण आमच्या सल्ला केंद्रात आला होतात'. सासरच्यांनी ते उघडलं. दिरानं ते माहेरच्या गावी नेलं आणि ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं घर सोडण्याआधीच संस्थेचा सल्ला घेतला होता, ही गोष्ट तिच्या वडिलांनाही तेव्हाच कळली.

ती आमच्याकडे आली तेव्हा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, म्या तं तुमाले नवा पत्ता सांगला व्हता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

कॉम्प्युटरचा यात काही दोष नव्हता. हातानं पाकिटं लिहिणारी आमची जुनी कार्यकर्ती त्या नावापाशी थांबली असती. 'अगं, ही तर माहेरी आहे ना आता?' असं तिनं विचारलं असतं. मशीन विचारत नाही. पूर्वी जे तिच्या डोक्यात होतं ते आता यादीत उतरवावं लागतं. आजचा माझा विषय एवढाच आहे.

मेल मर्ज म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दोन कागद असतात. एक पत्राचा नमुना, त्यात नाव-गाव येईल तिथे मोकळी जागा. दुसरी यादी. सॉफ्टवेअर यादीतली एकेक ओळ उचलतं आणि त्या जागा भरतं. युक्ती जुनी आहे, १९८० च्या आसपास वर्डस्टारच्या काळापासूनची. आजच्या वर्डमध्ये ती 'मेलिंग्ज' या भागात सापडते. पैसे नसतील तर फुकट मिळणाऱ्या लिबर ऑफिसमध्येही हे काम होतं. नमुना अर्ध्या तासात तयार होतो. खरं काम यादीचं, आणि ते कधी संपत नाही.

यादी एक्सेलमध्ये करा. सगळ्यात वरची ओळ फक्त मथळ्यांची. त्याच्या डोक्यावर 'महिला मेळावा' असं ठळक लिहू नका, सॉफ्टवेअर त्यालाच मथळा समजेल. एका ओळीत एकच बाई. मध्ये रिकामी ओळ नको, दोन चौकोन जोडून एक करणं नको. प्रत्येक बाईला एक क्रमांक द्या आणि तो कधी बदलू नका. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या चार चार जणी असतात. क्रमांक नसेल तर एकीचा पत्ता बदलताना दुसरीचा बदलला जातो.

आता रकाने. पहिला प्रश्न नावाचा. 'सौ.' लिहायचं की 'श्रीमती'? आमच्या यादीत पूर्वी हा रकाना होता. नवरा वारून चार महिने झालेल्या एका बाईला आमचं पत्र 'सौ.' म्हणून गेलं. तिनं ते परत आणून दिलं. दुसरीला चुकून 'श्रीमती' गेलं, तर सासूनं अपशकुन म्हणून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा आम्ही बसून विचार केला, की पत्र पोचायला बाईला नवरा आहे की नाही हे पोस्टमनला कशाला कळायला हवं? तो रकानाच काढून टाकला. आता पाकिटावर नाव आणि आडनाव, आत 'ताई'. कुणाचं अडलं नाही.

नाव, मधलं नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. मधलं नाव कुणाचं ते तिला विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली निर्णय घेतला, की ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम असेल. चांगली गोष्ट आहे. पण त्यात लग्न झालेल्या बाईसाठी जुनीच रीत ठेवली, तिचं नाव आणि पुढे नवऱ्याचं. सरकारी अर्जात तसं लिहावं लागेल. आपल्या यादीत तरी ती सांगेल ते नाव येऊ द्या. एका आजींनी मधल्या नावाच्या जागी आईचं नाव सांगितलं, आणि ते छापील पाहून कागद पदराखाली ठेवला.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. इथे एक रकाना पुरत नाही. 'राहण्याचा पत्ता' वेगळा आणि 'पत्र कुठे पाठवावं' वेगळा. कुणी सांगते, बहिणीकडे पाठवा. कुणी म्हणते, अंगणवाडीत पाठवा, मी घेईन. तिसरा रकाना 'पत्र पाठवू नये'. त्यात 'हो' असेल तर ती ओळ छपाईतून गाळायची. वर्डमध्ये छापण्याआधी यादी चाळता येते, एका रकान्यात अमुक असेल तर वगळ, असं सांगता येतं. हा रकाना असता तर आमचं ते पत्र गेलं नसतं.

मुक्काम आणि पोस्ट हेही वेगळे रकाने. 'मु. पो.' आपण एका दमात लिहितो, पण सगळ्या गावांना स्वतःचं पोस्ट नसतं. पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन डाकघराचे. फैजपूरचा ४२५५०३, शेजारच्या सावद्याचा ४२५५०२. एका आकड्याचा फरक, पण पत्र दुसऱ्या गावी फिरून येतं. यादी पिनप्रमाणे लावून छापली तर गठ्ठे आपोआप वेगळे होतात आणि पोस्टातल्या माणसाचेही श्रम वाचतात.

तुम्ही म्हणाल, आता पत्रं कोण पाठवतं, सगळं फोनवर असतं. मी विचारते, फोन कुणाचा? आमच्या यादीत 'फोन नंबर' असा रकाना होता. विचारायला गेलो तर कुठे तो नंबर नवऱ्याचा निघाला, कुठे मुलाचा, कुठे शेजारणीचा. सभेचा निरोप नवरा वाचणार आणि जायचं की नाही ते तोच ठरवणार. म्हणून नंबराशेजारी 'हा फोन कुणाकडे असतो' आणि 'निरोप कधी द्यावा' हे दोन रकाने ठेवा. केळीच्या कामाला जाणारी बाई दिवसा फोनवर भेटत नाही.

आता मराठीच्या अडचणी. तुमच्यापैकी काहींकडे जुन्या याद्या असतील, श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसतो. कारण त्या फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, फक्त त्याचं रूप दिसत असतं. अशी यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर एकेक नाव डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार तिथेच बिघडतात. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही फाइलीत यादी काढताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडा, नाहीतर सगळ्या बायांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. एकदा आमच्याकडे तसं झालं. हसलो, पण मूळ फाइल पुसली असती तर हसणं सुचलं नसतं.

आकड्यांचंही तसंच. जळगावचा कोड ०२५७. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचा शून्य खातं. म्हणून फोन आणि पिनचे रकाने 'टेक्स्ट' करून ठेवा. तारीख तर हमखास फसवते. आपण लिहितो ८-३, पत्रात उमटतं ३-८, अमेरिकन पद्धतीनं महिना आधी. महिला दिनाचं आमंत्रण तीन ऑगस्टचं होऊन बसतं. सोपा उपाय म्हणजे महिना अक्षरात लिहा, '८ मार्च'.

एकाच बाईची दोन नावं ही रोजची गोष्ट. 'सुलोचना' आणि 'सुलोचनाबाई', 'आमोदा' आणि 'आमोदे'. मशीनला त्या दोन बाया वाटतात. गावांची नावं एकदा ठरवून भिंतीवर लावा आणि सगळ्यांनी तीच लिहा. छापण्याआधी 'प्रिव्ह्यू' बघा, पहिली दोन पत्रं नव्हे, मधली आणि शेवटचीही. शिवाय त्या त्या गावच्या कार्यकर्तीला तिची यादी कागदावर द्या आणि वाचायला सांगा. ती 'अगं, ही तर...' म्हणून थांबेल. ते थांबणं आपल्याला हवंय.

यादी ठेवायची कुठे, हा प्रश्न कायद्याचाही आहे. २०२३ साली केंद्रानं वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला. त्याचा गाभा आपल्या ओळखीचा आहे. विचारून माहिती घ्या, कशासाठी हवी ते सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, ती नको म्हणाली तर पुसा. आपण बायकांच्या संमतीबद्दल इतकं बोलतो, मग तिचं नाव तिला न विचारता यादीत कसं घालतो? मेळाव्यात सहीसाठी वही फिरते, ती सही 'मी आले' म्हणून असते. 'मला पत्र पाठवा' म्हणून नसते. वहीत वेगळा रकाना करा आणि तोंडी विचारा.

सल्ला केंद्रात आलेल्या बायांची यादी आणि मेळाव्याची यादी या दोन वेगळ्या फाइली ठेवा. एकीतून दुसरीत काही उचलायचं असेल तर त्या बाईला विचारून. सल्ला केंद्राच्या फाइलीला पासवर्ड लावा, आणि तो कॉम्प्युटरलाच कागदावर चिकटवू नका. पाकिटावर संस्थेचं नाव छापायचं की नाही याचाही विचार करा. नावातच 'अत्याचार विरोधी' असेल तर पाकीट न उघडताच घराला सगळं कळतं. अशा ठिकाणी साधं पाकीट, मागे नुसता पत्ता. पोस्टकार्ड तर नकोच, ते वाटेतले सगळे वाचतात.

आणि निवडणुका आल्या की कुणीतरी भला माणूस चहा घेऊन येतो. 'ताई, तुमच्याकडे बायकांची यादी आहे म्हणे, जरा द्या की.' यादी आपली नाही हो. ज्या बायांनी आपल्याला पत्ता सांगितला त्यांची आहे. एवढं सांगायचं आणि चहा मात्र प्यायचा.

शेवटी, यादीचा उपयोग केवळ आमंत्रणाला नाही. टाकलेल्या बायका स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड कित्येक वर्षं मागत आल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख धरली. पण सासरच्या कार्डावर अडकलेलं नाव वेगळं काढायला आजही तहसीलात अर्ज करावा लागतो. साठ बायांच्या सह्यांचं एक निवेदन दिलं तर ते एका फाइलीत जातं. साठ बायांनी साठ अर्ज दिले, प्रत्येकीचं नाव, गाव, जुन्या कार्डाचा नंबर अर्जात, तर साठ पोचपावत्या घेता येतात. मेल मर्जनं हे अर्ज एका तासात तयार होतात. मात्र प्रत्येकीला तिचा अर्ज वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. छापील आहे म्हणून न वाचता सही करण्याची सवय आपणच लावायला नको.

याच फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष होते. मोठ्या सभांची या गावाला आठवण आहे. पण सभेला माणूस येतो तो निरोप पोचला म्हणून, आणि निरोप पोचवणाऱ्यांची नावं मंचावर कुणी घेत नाही. आपल्यातली जी यादी सांभाळते तिचं काम त्या जातीचं आहे. ते नव्या, धाकट्या मुलीच्या गळ्यात मारू नका. दर तीन महिन्यांनी अंक निघण्याआधी एक दिवस ठरवा, परत आलेली पाकिटं समोर ठेवा, गावोगावच्या कार्यकर्त्यांना बोलवा आणि एकेक ओळ वाचा. कोण माहेरी आली, कोण परत गेली, कुणाचं नाव बदललं, कोण वारली. शेवटच्या रकान्यात ती ओळ कधी तपासली त्याची तारीख घाला.

त्या बाईचा दावा पुढे निकाली लागला, पोटगी मंजूर झाली. तिचं नाव आजही आमच्या यादीत आहे, तिला विचारून. 'पत्र कुठे पाठवावं' या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'माझ्या घरी'. खाली भाड्याच्या खोलीचा पत्ता आहे.

आता वह्या काढा. तुमच्या याद्या बघू या.