बास, ऊन आणि सूर



लग्नाचा बँड रस्त्याने निघाला की लोकांचे लक्ष ट्रम्पेटवाल्याकडे जाते, गाणाऱ्याकडे जाते. सगळ्यांच्या मागे, अंगावर पितळेचा भला मोठा भोंगा पेलत ‘भों भों’ करणाऱ्या माणसाकडे फक्त लहान मुले बघतात आणि संधी मिळाली तर त्या भोंग्यात चिंचोके टाकतात. पुस्तकात या वाद्याला ट्यूबा म्हणतात. आमच्या लातूरच्या पथकात त्याला नुसते ‘बास’ म्हणत. माझे वडील तीस वर्षे बास वाजवत होते. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि उन्हाळ्याच्या सुटीत लातूरला येऊन त्यांच्या शेजारी ड्रम वाजवायचो.

१९९६च्या मे महिन्यातली गोष्ट. गंजगोलाईजवळून परण्या निघाला होता. दुपारचे ऊन ४२ अंशांचे. त्या वर्षी आमच्या गाडीवर पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला होता. त्याच्या सुरापुढे वडिलांचा बास चढा वाजू लागला. कानाला टोचावे इतका चढा. मालक तिथेच म्हणाला, “काका, तुमचा बास म्हातारा झाला. मोडीत घाला आता.”

वडील एवढेच म्हणाले, “सकाळी तर बरोबर होता की.”

त्यांचे ते वाक्य कुणी ऐकले नाही. विज्ञानाच्या शिक्षकानेही नाही. मी उलट मालकाची री ओढली. पितळ जुने झाले, पोचे आले, आवाज बिघडणारच, असे म्हणालो. जुना बास किलोवर मोडीत गेला. पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही निकेलचा मुलामा दिलेला चकचकीत नवा बास आणला. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी तोही तसाच चढा वाजला.

मग मी पुस्तके उघडली. उशीर झाला होता, पण उघडली.

आपल्याला शिकवलेले असते की उष्णतेने धातू प्रसरण पावतो. म्हणजे उन्हात नळी लांब होणार आणि सूर उतरणार. इथे तर सूर चढत होता! बासची नळी उलगडली तर सुमारे साडेपाच मीटर भरते. वीस-बावीस अंशांनी तापमान वाढले तर ती लांबते जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. त्याने काही होत नाही. बदलते ती नळीतली हवा. २० अंशांना हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४२ अंशांना तो ३५६च्या आसपास जातो. त्याच प्रमाणात सूर चढतो, म्हणजे हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या निम्म्या अंतराहून जास्त. ट्रम्पेटमधली थोडी हवा वाजवणाऱ्याच्या श्वासाच्या तापमानाला टिकून राहते. बासच्या पोटातली हवा एवढी मोठी की ती बाहेरच्या उन्हाच्या मागे जाते. आणि कीबोर्डला ऊन कळत नाही. पूर्वी सगळी वाद्ये थोडीफार बरोबरीने चढत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नसे.

पितळ जुने झाले म्हणजे आवाज जातो, या समजुतीचेही तसेच. रिचर्ड स्मिथ नावाच्या इंग्रज वाद्यतज्ज्ञाने १९८०च्या दशकात ट्रॉम्बोनला वेगवेगळ्या जाडीचे भोंगे बसवले, एक तर निव्वळ तांब्याचा, आणि निष्णात वादकांना न दाखवता वाजवायला दिले. कुणालाही ते ओळखता आले नाहीत. पत्र्याचा परिणाम अगदीच शून्य, असे मी म्हणणार नाही. वादक मंडळी त्यावर भांडतच असतात. पण आवाज ठरतो मुख्यतः आतल्या पोकळीच्या आकाराने. नळी बराच वेळ सारख्याच जाडीची राहिली तर आवाज धारदार येतो. ती सुरुवातीपासून रुंदावत गेली तर गोल, भरदार येतो, तोच बासचा आवाज. पोचा भोंग्याच्या तोंडाशी पडला तर विशेष बिघडत नाही. तोच ओठांजवळच्या अरुंद नळीत पडला तर काही सूर हलतात. वडिलांच्या बासचे सगळे पोचे भोंग्यावर होते.

आता खरी चुटपुट लावणारी गोष्ट सांगतो. तुतारीला पिस्टन नसतात, त्यामुळे ओठांच्या ताणावर निघतील तेवढेच सूर तिच्यात मिळतात. १८३५ साली बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी ट्यूबाचे पेटंट घेतले ते पिस्टनसारख्या झडपा बसवूनच. पिस्टन दाबला की नळीचा एक जादा वळसा जोडला जातो आणि सूर उतरतो. गोम अशी की पहिल्या पिस्टनने नळी वाढली की तिसऱ्याचा वळसा त्या वाढलेल्या नळीच्या हिशेबाने मोठा हवा. म्हणजे हवे चक्रवाढ व्याज, आणि मिळते सरळ व्याज. साडेपाच मीटरच्या बासवर पहिला आणि तिसरा एकत्र दाबले तर सुमारे १३ सेंटिमीटर नळी कमी पडते. तिन्ही दाबले तर २४. तेवढा सूर चढा. यात बनवणाऱ्याचा दोष नाही, साध्या तीन पिस्टनांचे गणितच तसे आहे.

ब्लेकली नावाच्या माणसाने १८७४मध्ये त्यावर इंग्लंडमध्ये तोड काढली. पिस्टन एकत्र दाबले की हवा आणखी एका छोट्या वळशातून जाते आणि कमी पडलेली लांबी आपोआप भरून निघते. पुस्तकातले ते चित्र मी बराच वेळ बघत बसलो. पिस्टनच्या पाठीमागे बारीक नळ्यांची जादा गुंडाळी. वडिलांच्या बासला ती होती! लहानपणी मी तिच्यात बोटे घालून खेळलो होतो. निजामाच्या फौजेच्या बँडातून तो बास आला, असे घरात सांगत. मोडवाल्याने तराजूवर ठेवताना म्हटले होते, “पितळ लई लावलंय याला.” त्या गुंडाळीचे वजन आम्ही किलोच्या भावाने घेतले. नव्या बासला साधे तीन पिस्टन होते.

हे वडिलांना सांगायला मी खास नांदेडहून लातूरला गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चित्र पाहिले आणि विचारले, “मग आता या नव्याचं काय करायचं?”

आम्ही तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी थोडी बाहेर ओढली. पहिला-तिसरा एकत्र बरा लागू लागला. एकटा तिसरा मग उतरा लागतो, पण त्याच्या जागी पहिला-दुसरा मिळून चालतात. वडिलांची बोटे साठीनंतर ही नवी सवय शिकली. दुपारच्या परण्याला बास सावलीत ठेवायचा, वर ओला पंचा टाकायचा. आणि कीबोर्डवाल्या पोराला सांगितले, तुझ्या पेटीत सूर वरखाली करायचे बटण आहे, मे महिन्यात ते थोडे वर घे. त्याला ते बटण माहीतच नव्हते. मालकाने विचारले, बासवर नवीन काय बसवले. वडील म्हणाले, “पंचा.”

कर्ज फिटायला चार लग्नसराया लागल्या.