काटेरी मानेचे डायनासोर आणि वरोऱ्याचा आयसीसॉरस

पाठीच्या कण्यातील प्रत्येक मणक्यावर, ज्या पोकळीतून मज्जारज्जू जातो तिच्या वरच्या बाजूस, हाडाचा एक उभा फाटा असतो व त्याला कंटक असे म्हणतात. मान पुढे झुकवून मागून बोट फिरवले असता मानेच्या बुडाशी जो उंचवटा हाताला लागतो, तो असाच एक कंटक होय; ताडोब्यातील गव्याच्या खांद्यावरून निघून पाठीच्या मध्यावर संपणारी उंच कडही अशाच लांबलेल्या कंटकांच्या आधारावर उभी असते. शाकाहारी डायनासोरांच्या डायक्रीओसॉरिड नावाच्या कुळात हे कंटक दुभंगलेले असत आणि काहींच्या मानेवर ते विलक्षण वाढत. अर्जेंटिनात १९८४ साली सापडलेल्या आणि १९९१ साली नामकरण झालेल्या अमार्गासॉरसच्या मानेवर अशा काट्यांच्या दोन समांतर रांगा होत्या. त्यांवर शिंगासारखे कठीण आवरण होते की कातडीचा पडदा, हा वाद बरीच वर्षे चालला. हाडांच्या सूक्ष्म रचनेचा जो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्याने पारडे कातडीच्या बाजूने झुकवले आहे.

या कुळाचा एक अतिप्राचीन प्रतिनिधी भारतातला आहे. राजस्थानातील जैसलमेरच्या खडकांत मिळालेल्या मणक्यांवरून व बरगडीच्या अवशेषावरून २०२३ साली थारोसॉरस इंडिकस या प्राण्याची नोंद झाली आणि त्याचे वय सुमारे सोळा कोटी सत्तर लाख वर्षे ठरले.

महाराष्ट्राकडे वळले तर नवी मुंबईच्या परिसरात मात्र असा शोध घेणे व्यर्थ होय, कारण पारसिकचा डोंगर काय किंवा खारघरच्या टेकड्या काय, ही सारी भूमी दख्खनच्या लाव्हापासून झालेल्या बेसाल्टची आहे, आणि वितळलेल्या खडकाच्या अशा थरांत हाडे टिकण्याचा संभव जवळजवळ नसतो. महाराष्ट्रातील डायनासोर पाहायचे तर या लाव्हाच्या पूर्वेकडील कडेला, जेथे त्याच्या खालचे गाळाचे थर उघडे पडले आहेत तेथे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसरात जावे लागते. या थरांना लमेटा असे नाव आहे.

तेथील डोंगरगावच्या टेकडीत ऐंशीच्या दशकात एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि २००३ साली, ज्या भारतीय सांख्यिकी संस्थेने तो कोलकात्यात जतन केला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, त्याला आयसीसॉरस हे नाव मिळाले. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर असणे नवलाचे वाटेल. परंतु प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तेथे भूविज्ञानाचा विभाग हेतुपूर्वक उभा केला होता, आणि त्या दूरदृष्टीचे ऋण भारतीय जीवाश्मविज्ञानावर मोठे आहे. आयसीसॉरस काटेरी मानेच्या कुळातला नव्हे, तो टायटॅनोसॉर या पुष्कळ नंतरच्या गटातला. तथापि त्याची मानही त्याच्या गटात वेगळी उठून दिसते. लांब मानेच्या या प्राण्यांत मानेचे मणके सहसा लांबट असतात, तर याचे आखूड आणि उंच आहेत. पुढच्या पायातील दंडाचे हाड एकटेच १४८ सेंटिमीटर भरते, त्यावरून तो खांद्याशी उंच असावा असे दिसते.

शरीर कसे होते हे हाडे सांगतात, पण प्राणी जगला कसा हे विचारायचे तर त्याच परिसरातील पिसदुरा गावाकडे वळावे लागते, आणि या विषयातील सर्वांत मोलाचा पुरावा तेथेच आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, हे गाव जीवाश्मांसाठी ज्ञात आहे. तेथे डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. त्यांना कोप्रोलाइट म्हणतात. वनस्पती जमिनीतील पाण्याबरोबर सिलिका शोषून ती पेशींत साठवतात, आणि पान चावले, पचले, कुजले तरी सिलिकेचे हे सूक्ष्म कण नष्ट होत नाहीत. फायटोलिथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कणांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटमधील फायटोलिथ तपासून २००५ साली जे जाहीर केले, त्यामुळे पाठ्यपुस्तके बदलावी लागली. त्यांत ताडवर्गीय वृक्ष, सूचिपर्णी वृक्ष आणि इतर सपुष्प वनस्पती होत्याच, पण किमान पाच प्रकारची गवतेही होती व त्यांत भात आणि बांबू ज्या शाखेत मोडतात तीही होती. तोवर गवतांचा विस्तार डायनासोर नष्ट झाल्यानंतरचा मानला जात असे. गवत हा त्या प्राण्यांच्या आहाराचा थोडाच भाग होता, हेही सांगितले पाहिजे. मुख्य चारा झाडाझुडपांचा होता.

हे गोळे आयसीसॉरसचेच, असे मात्र निश्चयाने म्हणता येत नाही, कारण लमेटाच्या थरांत टायटॅनोसॉरांच्या एकाहून अधिक जाती होत्या आणि डोंगरगावच्या सांगाड्याला कवटी नाही. जबडा आणि दात हाती आले, तर दातांच्या झिजेवरून चारा तोडण्याची रीत ताडता येईल आणि पिसदुऱ्याच्या विष्ठेशी तिचा मेळ घालून पाहता येईल. म्हणूनच वरोऱ्याच्या त्या थरांत आजही सर्वांत जास्त गरज आहे ती एका डोक्याची.