लेकरू कोण सांभाळणार? ऊसतोडीच्या कोप्यांवरचा आमचा वाचनाचा तास

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, तर चालू द्या. मी कानाशीच बोलतोय.

मी फलटणचा. बी.टेक. केलं, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तीन दिवस पुण्यात असतो, बाकीचे घरून काम. आज बोलणार आहे ते आमच्या पोरांच्या गटाबद्दल. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, टी-शर्ट नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन मुलांना वाचायला शिकवायचं, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी साडेचार ते सहा. एवढंच काम. तीन हंगाम झाले.

आधी एक गंमत सांगतो. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते ना, त्या दिवशी आमच्याकडं स्वयंसेवक शोधावा लागत नाही. विमानतळाच्या मैदानावर पाणी वाटायला, पाय चेपायला, कचरा उचलायला पोरं स्वतःहून येतात. काही जण तर दोन दिवस झोपत नाहीत. मग हीच पोरं नोव्हेंबरातल्या मंगळवारी का येत नाहीत? लोक म्हणतात, हल्लीच्या पिढीला चिकाटी नाही. मला हे पटत नाही. पालखीला काय करायचं हे लहानपणापासून बघितलेलं असतं, कुणी शिकवावं लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सोहळा बरडकडं जातो, काम संपतं. मंगळवारचं काम संपत नाही. ते कुणीतरी नीट मांडून हातात द्यावं लागतं.

तर कोप्यांवरचं चित्र कसं असतं? शहरातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. नीरा उजव्या कालव्यामुळं आमच्याकडं ऊस आहे, ऊस आहे म्हणून कारखाने आहेत, आणि तोडायला माणसं येतात ती बीडकडून, पाथर्डीकडून. दिवाळीच्या आगेमागे. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावानं मोजायचं, हे मला पहिल्यांदा ऐकल्यापासून खुपतंय. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला चार-पाच महिने उसात. आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात. कोपीवर राहतात ती लेकरं.

शिक्षण हक्क कायदा 2009चा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, कुठूनही आलेलं असो. जिल्हा परिषदेच्या शाळा या मुलांना दाखल करून घेतात, काही शिक्षक तर स्वतः कोप्यांवर येऊन मुलांना घेऊन जातात, मी बघितलंय. तरी नऊ वर्षांची मुलगी शाळेत जात नाही. का? कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो.

सगळी गोष्ट इथं येऊन अडते.

पहिल्याच आठवड्यात हे दिसलं. आम्ही चटई टाकली, फळा टेकवला, मुलं बसली. मुलगे पुढं, आणि दोन-तीन मुली मागं उभ्या, कडेवर लेकरू. एक जण बसायची, अक्षर बघायची, लेकरू रडलं की उठायची. आमच्यातला एक गडी पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे मैदानावर पळतो. त्याला शिकवायला जमत नव्हतं, हातात पुस्तक घेतलं की घाम फुटायचा. तो उठला, म्हणाला, "दे इकडं," आणि लेकरू खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभोवती फेऱ्या मारायला लागला. तासभर. ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा सलग बसली.

तेव्हापासून आमच्याकडं दोन कामं आहेत आणि दोन्ही सारखीच मोजली जातात. एकानं शिकवायचं, एकानं लेकरं सांभाळायची. भरतीची पोरं लेकरं सांभाळण्यात फार पटाईत निघाली, का कोण जाणे. आणि गटाची ताकद एकदम वाढली, कारण "मला शिकवता येत नाही" म्हणणारे सगळे कामाला आले.

मी इंजिनिअर, म्हणून ऑफिसातले विचारतात, "ॲप केलंस का रे?" नाही केलं. एक शंभर पानी वही आहे. प्रत्येक मुलाला एक पान. नाव, आज काय वाचलं, पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं. 'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा पाहणी अहवाल तुम्ही ऐकला असेल, 2005 पासून निघतो, आणि त्यासाठी गावोगाव फिरणारेही बरेचसे तिथलेच तरुण स्वयंसेवक असतात. त्यांच्या वाचनचाचणीचे टप्पे सोपे आहेत: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. आम्ही तेच उचलले. कोण कुठल्या टप्प्यावर आहे ते पानावर दिसतं. नवीन आलेला पोरगा वही उघडतो आणि पाच मिनिटांत कामाला लागतो.

कारण पोरं गळणार, हे धरूनच चालायचं. एकाची कंपनीत शिफ्ट बदलते. एकीची एमपीएससीची परीक्षा येते. एकाच्या घरी पाण्याची पाळी असते आणि लाईट रात्रीची, मग तो दुसऱ्या दिवशी डोळे कसे उघडे ठेवणार? यात कुणाचा दोष नाही. म्हणून जोड्या. चार मुलांमागे दोन जण. एकाला जमणार नसेल तर दुसरा, दोघांना जमणार नसेल तर दुपारी दोनपर्यंत ग्रुपवर कळवायचं. कारण द्यायची गरज नाही. फक्त वही पोचली पाहिजे. माझ्या नोकरीत रात्रपाळीचा माणूस सकाळच्याला काम सोपवतो, तसंच हे.

कॉलेजच्या पोरांना राष्ट्रीय सेवा योजनेचे तास हवे असतात. योजना 1969 पासूनची आहे, वर्षाला 120 तास भरायचे असतात. काही जण नाक मुरडतात, की ही मुलं तासांसाठी येतात. येऊ देत की! तासांसाठी आलेली एक बी.एस्सी.ची मुलगी आज आमच्या वह्यांचा सगळा हिशोब बघते.

मात्र वाढदिवसाचा केक कोप्यांवर कापायला येणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. फोटोही नाहीत. पोरांच्या आया दिवसभराच्या घामात असतात, त्यांना कुणाच्या स्टेटसवर जायचं नसतं. एका बाईनं आम्हाला स्पष्ट विचारलं होतं, "दादा, परत येणार हायसा का एवढ्यापुरतंच?" तिनं बरेच जण बघितले असणार.

आणि हे फलटणला काही नवीन नाही बरं का. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन, आमच्या गावासाठी मॅक्सीन मावशी, इथल्या मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि राहिल्याच. शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढं प्रगत शिक्षण संस्था झाली, 1986 साली कमला निंबकर बालभवन. मुलाला वाचता येत नसेल तर आधी आपली शिकवण्याची पद्धत तपासा, हे मी माझ्या गावातूनच शिकलो. आम्ही 'कमळ'पासून सुरू न करता 'कोयता', 'मोळी', 'वाढं' या शब्दांपासून सुरू करतो. मुलं हसतात. हे पण लिहिता येतं होय?

आता खरी अडचण. टोळी कधी हलेल सांगता येत नाही. एका शुक्रवारी आम्ही गेलो तर कोप्या उठलेल्या, नुसत्या चुलींच्या जागा. मुकादमाचा फोन लागला तेव्हा कळलं, टोळी माळशिरसकडं गेली. अकरा मुलं. त्यातली चार जण शब्दांपर्यंत आली होती. त्यांची पानं वहीत तशीच आहेत.

म्हणून मागच्या हंगामापासून वहीचं पान दोनदा लिहितो. एक आमच्याकडं, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलाच्या आईकडं, रेशनकार्डाबरोबर. पट्टा पडला, टोळी गावी परतली, की तो कागद तिथल्या शाळेत दाखवायचा. किती जणी दाखवतात? एका बापाचा जूनमध्ये फोन आला होता. म्हणाला, गुरुजींनी कागद बघितला आणि पोरीला आमच्या खुणेपासून पुढं वाचायला दिलं. बाकीच्यांचं कळलं नाही.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी किंवा पाथर्डीकडून ऐकत असेल, तर मला तुमची गरज आहे. पावसाळ्यात ही मुलं तुमच्या गावात असतात. कागदावर त्यांच्या गावाचं नाव आहे. महिन्यातून एकदा जाऊन एक परिच्छेद वाचून घ्यायचा आणि पानावर लिहायचं, एवढंच. आणि फलटणकरांनो, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी साडेचारला बसस्टँडसमोर भेटू. शिकवता येत नसेल तरी या. या वर्षी लेकरं सांभाळणारे कमी पडतायत.